रविवारच्या सहलीसाठी कायमची भरलेली पिशवी

दोघंही नोकरी करत असलात की रविवारी सहाला सिंहगडाला निघायचं ठरतं, पण टोपी, चटई, चार्जर शोधता शोधता आठ वाजतात. तोवर घाटात गाड्यांची रांग लागलेली असते.

१. एक पिशवी फक्त सहलीसाठी ठेवा. त्यात चटई, टोप्या, जुना टॉवेल, जादा चार्जर, बँडेड, कचऱ्यासाठी दोन पिशव्या आणि सुटे पैसे. गडावर नेटवर्क दगा देतं, तेव्हा ताक, पिठलं-भाकरीचे पैसे द्यायला सुट्टेच कामी येतात.

२. परत आल्यावर त्याच संध्याकाळी ती पुन्हा भरा. खरी मेख इथेच आहे. एकाने टॉवेल धुवायला टाकायचा, दुसऱ्याने संपलेलं आणून ठेवायचं. हे सोमवारवर ढकललं तर आठवडाभर राहतं.

३. शनिवारी रात्री फक्त पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि गाडीची किल्ली पिशवीच्या पुढच्या कप्प्यात टाकायची.

खाण्याचं मात्र या पिशवीत काही ठेवू नका, मुंग्या लागतात. आणि पावसाळ्यात दरडीमुळे घाटरस्ता बंद असू शकतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी कराच.