खऱ्या पेपरसारखा मॉक कसा निवडावा? कॅट आणि एमबीए सीईटी देणाऱ्यांसाठी

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने कॅटच्या, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेच्या, आधी ३१ मॉक (सराव पेपर) दिले होते. परीक्षेत डीआयएलआरचा (आकडेवारी आणि तर्काच्या कोड्यांचा) भाग उघडल्यावर तिने पहिलाच सेट (एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न) धरला आणि ४० पैकी १४ मिनिटं त्यातच गेली. सेट काही सुटला नाही. नंतर आम्ही दोघींनी तिचे जुने मॉक काढून बघितले, तेव्हा कारण सापडलं. तिने घेतलेल्या मॉकच्या सिरीजमध्ये पहिला सेट जवळजवळ दरवेळी सोपा होता. वरून सुरुवात करायची, ही सवय त्या ३१ पेपरांनी तिच्या हाताला लावली होती. मुलगी हुशार, कष्टाळू. सराव भरपूर झाला, पण भलत्याच पेपरचा.

मॉक सवयी लावतो, हे तेव्हा मला नीट कळलं. कुठला प्रश्न सोडायचा, कुठे रेंगाळायचं नाही, शेवटची पाच मिनिटं कशावर घालवायची, हे सगळं हात मॉकमध्येच शिकतो. म्हणून सिरीज किती अवघड आहे यापेक्षा ती खऱ्या पेपरला किती धरून आहे, हे आधी बघा.

पायरी १: परीक्षेचा साचा वहीत लिहून काढा

कॅटचा २०२४ चा पेपर असा होता: १२० मिनिटं, ६८ प्रश्न. आधी व्हीएआरसीचे (इंग्रजी उतारे आणि भाषा) २४, मग डीआयएलआरचे २२, शेवटी क्वांटचे (गणित) २२. प्रत्येक भागाला ४० मिनिटं, क्रम ठरलेला, एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. पर्याय नसलेल्या, उत्तर स्वतः भरायच्या प्रश्नांना (मुलं त्यांना 'टीटा' म्हणतात) निगेटिव्ह नाही.

आपल्या राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा, एमबीए सीईटी, म्हणजे वेगळंच प्रकरण. १५० मिनिटांत २०० प्रश्न: लॉजिकल रीझनिंग ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांची कोडी) २५, क्वांट ५०, इंग्रजी ५०. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. भागिले करून बघा, एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. कॅटच्या क्वांटमध्ये हाच हिशोब पावणेदोन मिनिटांच्या वर जातो. त्यामुळे कॅटचे मॉक देऊन सीईटीचीही तयारी होते, हा समज मनातून काढून टाका. विषयाची तयारी होते, पेपरची होत नाही. कॅटमध्ये प्रश्न सोडता यावा लागतो. सीईटीत वेग लागतो, आणि वेळ संपायच्या आत राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी पर्याय लावून यायचं असतं. जमनालाल बजाज किंवा सिडनहॅम या मुंबईतल्या मॅनेजमेंट कॉलेजांवर डोळा असेल, तर सीईटीचे मॉक वेगळे द्यावेच लागतात.

आता कुठलाही मॉक उघडला की वहीतल्या साच्याशी ताडून बघा. प्रश्नसंख्या, वेळ, क्रम, गुण, पर्याय. चार पर्यायांचे 'सीईटी मॉक' बाजारात सर्रास दिसतात. ज्याने एवढंही बघितलेलं नाही, त्याच्या बाकी पेपरवर विश्वास ठेवू नका.

पायरी २: कसोटीचा दगड आधी मिळवा

सोनार दागिना दगडावर घासल्याशिवाय किंमत सांगत नाही. आपला दगड म्हणजे मागच्या वर्षांचे खरे पेपर. कॅटचे २०१७ पासूनचे पेपर उत्तरांसह मिळतात आणि २०२० पासून दरवर्षी तीन स्लॉट (एकाच दिवशीच्या तीन पाळ्या, प्रत्येकीचा पेपर वेगळा) आहेत. म्हणजे दगडांना तोटा नाही.

पण सगळे पेपर एका मापाचे नाहीत. २०१९ पर्यंत १८० मिनिटांत १०० प्रश्न असायचे. २०२० मध्ये पेपर १२० मिनिटांवर आणि ७६ प्रश्नांवर आला, २०२१ ते २०२३ मध्ये ६६ प्रश्न होते. तेव्हा २०१७ ते २०१९ चे पेपर सुट्या सेटच्या आणि उताऱ्यांच्या सरावाला वापरा. पूर्ण पेपर म्हणून बसायचं असेल तर २०२१ पासूनचेच घ्या. अगदी अलीकडच्या वर्षाचा एक स्लॉट आत्ता सोडवा, तो तुमचा दगड. उरलेले दोन न बघता बाजूला ठेवा, शेवटच्या पंधरवड्यासाठी. मुलं जूनमध्येच सगळे खरे पेपर सोडवून बसतात आणि नोव्हेंबरमध्ये हातात काही उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सीईटीचं थोडं अवघड आहे. 'मेमरी बेस्ड' म्हणून मिळणारे पेपर हे मुलांच्या आठवणीतून जुळवलेले असतात. कुठल्या प्रकारचे प्रश्न जास्त येतात याचा अंदाज त्यातून येतो, पण आकडे आणि पर्याय जसेच्या तसे असतील असं धरून चालू नका.

पायरी ३: प्रश्न वाचा, मार्क नंतर

इथे घाई करू नका. मॉक संपल्यावर मार्क न बघता पेपर परत उघडा आणि दगडाशेजारी ठेवून वाचा.

क्वांटपासून सुरू करा. समजा प्रश्न असा आहे: क्ष आणि य हे धन पूर्णांक आहेत, आणि क्ष × य + क्ष + य = ३४, तर क्ष + य किती? आकडे लहान, गणित एका ओळीचं. दोन्ही बाजूंना १ मिळवला की डावीकडे (क्ष + १)(य + १) तयार होतं आणि उजवीकडे ३५. ३५ म्हणजे ५ गुणिले ७, म्हणून क्ष आणि य ४ आणि ६, उत्तर १०. सुचलं तर ४० सेकंद, नाही सुचलं तर चार मिनिटंही कमी पडतात. कॅटच्या प्रश्नाची चव ही अशी असते. याउलट १७.३५ टक्के दराने ३ वर्षं ७ महिन्यांचं चक्रवाढ व्याज काढायला लावणारा प्रश्न अवघड वाटतो खरा, पण त्यात बुद्धीला कामच नाही, नुसती कॅल्क्युलेटरची बटणं दाबायची. असे तीन-चार प्रश्न दिसले की समजा, पेपर काढणाऱ्याने अवघडपणा आकडेमोडीतून आणलाय.

उताऱ्यांमध्ये पर्याय बघा. २०२४ मध्ये व्हीएआरसीच्या २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांवर होते, त्यामुळे मॉकचा खरा कस इथेच लागतो. खऱ्या पेपरमधला चुकीचा पर्याय उघडपणे चुकीचा नसतो. उताऱ्यात म्हटलेलं असतं, 'काही शहरांत झाडं लावल्यावर उष्णता कमी झाल्याचं दिसलं.' पर्याय म्हणतो, 'झाडं लावली की शहरातली उष्णता कमी होते.' शब्द तेच, 'काही' मात्र गायब. त्या एका शब्दावर तीन गुण जातात. हलक्या मॉकमध्ये उत्तराचे शब्द उताऱ्यातल्या ओळीत जसेच्या तसे सापडतात, नजर फिरवली की झालं. दुसऱ्या टोकाचे मॉकही असतात, ज्यात दोन पर्याय खरोखरच बरोबर वाटतात आणि स्पष्टीकरण वाचूनही शंका फिटत नाही. तो अवघडपणा नव्हे, ती पेपर काढणाऱ्याची चूक आहे.

यासाठी माझी एक सोपी खूण आहे. उताऱ्याच्या प्रश्नाचं सोल्युशन उघडा. उरलेले तीन पर्याय का चुकले हे एकेक करून सांगितलंय का? की नुसतं 'परिच्छेद २ वरून पर्याय ब बरोबर' एवढंच? दुसऱ्या प्रकारची सिरीज फुकट मिळाली तरी मी मुलांना घेऊ देत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर हे नक्कीच बघावं. दोन्ही परीक्षा इंग्रजीतून आहेत आणि उताऱ्यात आपण नेमके कुठे घसरलो हे समजावून सांगणारं घरात बहुतेक वेळा कुणी नसतं. ते काम सोल्युशननेच करायला हवं.

डीआयएलआरमध्ये असमानता शोधा. खऱ्या पेपरमध्ये सगळे सेट एका वजनाचे नसतात. एखादा दहा मिनिटांत हातात येतो, एखादा पंचवीस मिनिटं खाऊनही तोंड दाखवत नाही, आणि कुठला कसा हे वरवर बघून कळत नाही. पाचही सेट सोपे असतील तर हाव सुटते, पाचही राक्षसी असतील तर मुलं हात-पाय गाळतात. आणि सोपा सेट दरवेळी त्याच जागी येत असेल तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे. एका सिरीजचे दोन-तीन मॉक झाले की कुठला सेट कितवा आणि कसा होता, हे वहीत लिहून ठेवा.

सीईटीच्या मॉकमध्ये ॲबस्ट्रॅक्टच्या आकृत्या स्क्रीनवर स्वच्छ दिसतात का, बैठक-व्यवस्थेची कोडी पुरेशी आहेत का, हे तपासा. बँकांच्या परीक्षांची रीझनिंगची पुस्तकं सीईटीला बऱ्यापैकी जवळची आहेत, सुट्या सरावाला जरूर वापरा. पण बँकेच्या पेपरमध्ये निगेटिव्ह मार्किंग असतं, त्यामुळे पूर्ण मॉक म्हणून तो देऊ नका. नको तिथे थांबायची सवय लागते.

पायरी ४: स्क्रीनही तीच हवी

कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर परीक्षेआधी सरावासाठी एक मॉक ठेवतात. प्रश्नांपेक्षा पडद्याची ओळख व्हावी म्हणून तो एकदा द्याच. उजवीकडचे प्रश्नांचे चौकोन, उत्तर दिलेला हिरवा, बघून सोडलेला लाल, पुन्हा बघायचा म्हणून खूण केलेला जांभळा. पडद्यावरचा साधा कॅल्क्युलेटर. टीटाचं उत्तर पडद्यावरच्या बटणांनी माऊसने भरायचं. मग आपल्या सिरीजचा पडदा उघडून शेजारी ठेवा. फार वेगळा असेल तर नाव कितीही मोठं असो, विचार करा.

मोबाईलवर मॉक देऊ नका. झूम करून वाचलेला उतारा आणि मॉनिटरवर वाचलेला उतारा यात डोळ्यांची चाल बदलते. घरी लॅपटॉप नसेल तर रविवारी सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये दोन तास मिळवा. दिव्यांग उमेदवारांना कॅटमध्ये प्रत्येक भागाला १३ मिनिटं २० सेकंद जादा मिळतात. ती सोय सिरीजमध्ये आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्यावं.

पायरी ५: पर्सेंटाईल किती मनावर घ्यायचा

पर्सेंटाईल म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तो आकडा. मॉकचा पर्सेंटाईल त्या मॉकला बसलेल्या गर्दीतला असतो. कॅट २०२४ ला सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले होते, म्हणजे एक पर्सेंटाईल साधारण २,९०० जणांचा. एखाद्या छोट्या सिरीजला ४०० जण बसले, तर तोच एक पर्सेंटाईल चार जणांचा. चौघांना त्या दिवशी ताप आला तरी तुमचा आकडा हलतो. म्हणून किती जण बसले हे सिरीज सांगते का, ते बघा. शिवाय पैसे भरून मॉक देणारी मुलं तयारीचीच असतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. त्यावरून रडू नका.

उत्तरं चुकीची निघाली तर काय करतात, हेही महत्त्वाचं. एकदा आम्ही एका सिरीजला क्वांटमधली चूक कळवली. आठवड्याने 'लक्षात आणून दिल्याबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं, पण कुणाचेच गुण बदलले नाहीत. ज्या मुलाचं उत्तर बरोबर होतं, तो आठवडाभर स्वतःची रीत चुकीची समजून बसला होता.

पायरी ६: फुकटचे आधी, पैसे नंतर

बऱ्याच सिरीज एक-दोन मॉक मोफत देतात. दोन-तीन ठिकाणचे मोफत मॉक वेगवेगळ्या रविवारी द्या आणि वरच्या सगळ्या खुणा लावून बघा. मोफत मॉक बहुतेक वेळा निगुतीने काढलेला असतो, म्हणून त्याच सिरीजचा मधलाच एखादा पेपर मागच्या वर्षी घेतलेल्या कुणाकडून बघायला मिळाला तर उत्तम. मग एक सिरीज मुख्य म्हणून घ्या. फार तर दुसरी छोटी, तिच्या खोडी वेगळ्या असतात म्हणून. ६० मॉकचा गठ्ठा स्वस्त पडतो असं दुकानदार सांगतील. माझ्या मते कॅटसाठी २० ते २५ पूर्ण मॉक पुष्कळ झाले, कारण दोन तासांचा मॉक नीट तपासायला चार तास लागतात, आणि तो वेळ कुठल्याही गठ्ठ्याबरोबर मिळत नाही.

हॉल तिकीट आलं की स्लॉट कळतो: सकाळी ८:३०, दुपारी १२:३० किंवा ४:३०. त्यानंतरचे सगळे मॉक त्याच वेळेला द्या. दुपारचा स्लॉट असेल तर जेवण किती आणि कधी, हेही त्याच दिवसांत ठरवा. बाजूला ठेवलेले दोन खरे पेपर आता काढा. एक परीक्षेच्या दोन आठवडे आधी, दुसरा एक आठवडा आधी. दुसरा तपासून झाला की नवीन मॉक उघडू नका. उरलेल्या दिवसांत तुम्ही सोडून द्यायला हवे होते आणि तरी धरून बसलात, ते प्रश्न जुन्या वहीतून काढून परत वाचा.