माळ्यावरच्या वस्तूंची बारमाही आरास

बेळगावच्या शहापुरात आमचं घर म्हणजे रस्त्याकडेचा सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर आणि कौलाखालचा माळा. सोप्यात माझं शिलाई मशीन आहे. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता इकडंतिकडं बघतात आणि विचारतात, "काकू, मागच्या खेपेला इथं समई होती नव्हं? आता बरण्या कशा?" त्यांना तोंडी सांगून सांगून जे जमलं, ते आता सविस्तर लिहिते.

आमच्या घरातल्या जुन्या वस्तू ऋतूबरोबर जागा बदलतात. यातलं विकत घेतलेलं फार थोडं. बरंचसं सासूबाईंचं, काही माझ्या आईकडचं खानापूर तालुक्यातलं, आणि दोन-चार नग भंगारच्या ढिगातून वेळेवर उचललेले. पण कुठली वस्तू कधी बाहेर काढायची हे मी हवेवरून ठरवते, सण त्यात आपोआप बसतात. बेळगाव सुमारे २५०० फूट उंचीवर, आणि पश्चिमेला सह्याद्री हाताच्या अंतरावर. जूनपासून भिंतींना ओल येते, दिवाळीनंतर ओठ फुटतील अशी कोरडी थंडी पडते, चैत्रात झळा लागतात. पितळ, लाकूड, कापड, माती, यांतल्या प्रत्येकाला यातला एकच काळ मानवतो. पावसात चिनी माती, काच आणि दगड. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पितळ. थंडीत लाकूड आणि जाड कापड. उन्हाळ्यात माती, तांबं आणि सुती. एवढं धरून चाललं की वस्तू शोभतेही आणि टिकतेही.

सुरुवात मी मिरगाच्या आधी आठ दिवस करते, आणि ती मांडण्यानं नाही, आवरण्यानं. कापड सगळ्यात आधी. हे मी हात पोळून शिकले. सासूबाईंचं एक इरकली लुगडं, काठाला कसुतीचं भरतकाम असलेलं, मी हौसेनं सोप्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर लावलं होतं. आमच्याकडं पाऊस त्याच बाजूनं मारतो. श्रावणात काढलं तेव्हा मागच्या बाजूनं काळ्या बुरशीचे ठिपके उठले होते, आणि त्यातले काही आजही गेलेले नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर कापडही नाही आणि जुने फोटोही नाहीत. फोटो आतल्या भिंतीवर घ्यायचे आणि फ्रेमच्या मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवायच्या, म्हणजे मागून हवा खेळते.

लुगडी, खण, रेशमी काही असेल ते धुऊन किंवा नुसतं हवेशीर वाळवून, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवायचं. घडी मागच्या वेळच्या रेघेवर घालू नका, रेशीम तिथंच चिरतं. डांबरगोळ्या घालायच्या तर चिंधीत बांधून कोपऱ्यात, जरीला लागू द्यायच्या नाहीत, जर काळी पडते. लाकडी पेटी आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढायचं. ड्रॉवर फुगून अडकत असतील तर आत्ताच, कोरडे असताना, त्यांच्या कडांना मेणबत्ती घासून ठेवा. आषाढात ओढाओढ करून हँडल हातात येतं.

मग सोपा रिकामा दिसतो. अशा वेळी लोणच्याच्या बरण्या उपयोगाला येतात. वर तपकिरी आणि खाली पांढरट, अशा चिनी मातीच्या तीन बरण्या मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, लहान-मोठ्या, एकमेकींना खेटून. एकीत परड्यातला सोनटक्का. दोन दांडे पुरतात, घरभर वास राहतो. झाकण हरवलेली, टवका उडालेली बरणी फुलदाणी म्हणून सगळ्यात चांगली, कारण लोणचं तिच्यात कुणी घालणारच नसतं. एनॅमलच्या जुन्या थाळ्या, निळ्या काठाच्या, स्वयंपाकघरात भिंतीला लावते. जिथं एनॅमल उडून लोखंड उघडं पडलंय तिथं बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या, नाहीतर महिन्याभरात गंजाचा ओघळ भिंतीवर येतो. अशा थाळीत नंतर जेवायचं मात्र नाही. पाटा-वरवंटा दाराशी ठेवला की त्यावर आपोआप शेवाळ धरतं, कडेला तेरडा उगवतो. त्याला काही करावं लागत नाही. कंदिलाची काच राखेनं स्वच्छ करून आत बॅटरीवरचा पिवळसर दिवा ठेवते. आमच्याकडं पावसात वीज जाते तेव्हा तो खराच उपयोगी पडतो.

आता पितळ. यावर मी थोडी जास्त थांबणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान लोक इथंच करतात आणि मीही केलंय.

माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, एक तांब्या होता. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव घातलेलं. लग्नात भांडी देताना तांबटाकडून नाव घालून घ्यायची तेव्हाची पद्धत. एका वर्षी गणपतीच्या घाईत मी तो इतर भांड्यांबरोबर मशीनवर चकाकी करायला दिला. परत आला तो आरशासारखा, आणि नाव जवळजवळ पुसलेलं. उजेडात तिरका धरला तर पहिली दोन अक्षरं लागतात. त्या माणसाची काही चूक नव्हती, मी सांगायला हवं होतं. म्हणून प्रत्येकीला सांगते: नाव घातलेलं, नक्षी असलेलं, ठोक्याच्या खुणा असलेलं भांडं मशीनवर देऊ नका. घरीच घासा, हातानं.

लिंबाएवढी चिंच वाटीभर पाण्यात भिजवायची, कोळात चमचाभर मीठ घालायचं आणि मऊ कापडानं किंवा नारळाच्या शेंडीनं चोळायचं. पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, ठेवलं तर पितळ तांबूस, डागाळ होतं. मग भरपूर पाण्यानं धुवायचं. कोपऱ्यात आंबट राहिलं तर तिथंच हिरवं चढतं. लगेच कोरड्या कापडानं पुसून थोडा वेळ उन्हात. नक्षीतला काळेपणा सगळा काढायचा हट्ट करू नका. खोबणीत तो राहिला तरच वरची वेलबुट्टी उठून दिसते. शेवटी मेणाचा पुसट हात द्यायचा, म्हणजे चमक दसऱ्यापर्यंत तग धरते.

शोभेच्या भांड्याला कल्हई लागत नाही. पण ज्यात खायचं-प्यायचं ठेवणार, त्याला लागतेच. बिनकल्हईच्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, आणि तो पोटाला वाईट. पंचामृत तांब्याच्या धातूच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नका. कल्हईवाला हल्ली क्वचितच फिरकतो. भेटला की मुलांना बघायला बोलवा. तापलेल्या भांड्यात नवसागराचा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं क्षणात पसरणारं कथील, हे मोबाईलवर बघण्यासारखं नाही, समोर बघण्यासारखं आहे. फक्त धुरापासून चार हात लांब उभं करा.

मांडताना एका जागी एकच मोठी वस्तू. घंगाळ सोप्यात, दाराच्या आत उजवीकडं. त्यात सरळ पाणी भरू नका, तळाशी डागाची गोल रेघ पडते. आत स्टीलचं पातेलं बसवून त्यात पाणी आणि शेवंती. परात भिंतीला टेकवून, तिच्यापुढं समई, म्हणजे ज्योत परातीत दिसते. देवळीत लहान तांबे, निरांजनं. आमच्या भिंतीला तीन देवळ्या आहेत. एक मी नेहमी रिकामी ठेवते, डोळ्याला थांबायला जागा लागते.

गौरीच्या मागं पडद्याला इरकली किंवा खण लावायचा असेल तर हे शिवणाऱ्या बाईचं ऐका. खिळा नाही, सेफ्टी पिन नाही, टाचणी नाही. लुगड्याच्या वरच्या कडेला मागून नव्या सुती कापडाचा नेफा हातशिलाईनं घाला, टाके सैल आणि दोन-दोन बोटांवर, आणि त्यातून काठी ओवून काठी टांगा. सगळं ओझं सारखं वाटलं जातं. इरकलीचा पदर अंगाच्या ताण्याला फासे गुंतवून जोडलेला असतो, त्याला टोपी तेणी म्हणतात. त्या सांध्यावर ओझं येऊ देऊ नका, पदर वरूनच काठीवर घ्या. कसुतीचं काम असेल तर दोन्ही बाजू नीट बघा. गवंती आणि मुरगी या टाक्यांत गाठ नसते, उलटं-सुलटं सारखंच दिसतं. त्यामुळं कुठली बाजू उन्हानं विटली आहे ती भिंतीकडं करून दुसरी पुढं घेता येते. समई कापडापासून दोन हात लांब. आणि तेल सांडलंच तर पाणी लावू नका, शंखजिऱ्याची पूड टाकून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशनं झटका. बराचसा डाग पूड ओढून घेते.

खणाचे तुकडे माझ्याकडं शिवणीतून उरतात. गुळेदगुड्डचा खण बोटभर पट्टीचा असला तरी फेकू नये. चौरंगाच्या कडेला लावा, आरशाच्या चौकटीला लावा.

दिवाळी झाली की पितळ कोरडं करून, कागदात गुंडाळून वर. रद्दी चालते, पण त्याच्या आत एक पदर कापडाचा घाला, शाई लागते. मग लाकडाचे दिवस येतात. पॉलिश, तेल, दुरुस्ती जे काही असेल ते डिसेंबर-जानेवारीत. पावसात लाखेचं पॉलिश केलं तर पांढरट साय धरते, आमच्या फणेरपेटीला, म्हणजे आरसा-फणीच्या लाकडी पेटीला, ती धरली होती. रंगाच्या दुकानात लिनसीड ऑइल म्हणून जे जवसाचं तेल मिळतं, त्यात निम्मं टर्पेंटाइन घालून पहिला हात, दोन दिवसांनी नुसत्या तेलाचा अगदी पातळ दुसरा हात, आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. तेलाची ती फडकी गोळा करून ठेवू नका. चोळामोळा करून टाकलेलं जवसतेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.

पेटीखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर झाडून काढा आणि आठवड्यानं परत बघा. पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे, औषध मारल्याशिवाय ती वस्तू घरात आणायची नाही. नाही पडला तर ती भोकं जुनी, मेणानं बुजवा.

थंडीत सोप्यात बाकावर वाकळ येते. जुन्या लुगड्यांची, आईनं घातलेली, तिचे टाके आजही ओळखू येतात. वाकळ कडक उन्हात घालू नका, सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर, उलटी करून. पायाशी लाकडी पेटी, पेटीवर फणेरपेटी उघडी. तिचा आरसा ओल्या फडक्यानं पुसायचा नाही, कडेतून पाणी आत गेलं की मागचा मुलामा सुटतो. बाकी या दिवसांत काही लागत नाही.

शिमगा झाला की वाकळी, जाड कापडं आत. धुऊन विरळ झालेल्या सुती लुगड्यांचे पडदे खिडकीला. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि खानापूरवरून पुढं जाते. तिकडची माती तांबडी, चिकण, त्या मातीची मडकी आणि कौलं आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. मी दरवर्षी एक नवं मडकं घेते, एक रात्र पाण्यात बुडवून ठेवते आणि जुन्या तिवईवर ओल्या वाळूत बसवते. शेजारी तांब्याची कळशी, तिच्या तोंडावर मोगऱ्याचा गजरा. सोप्यात शिरलं की आधी गार वाटतं, मग दिसतं.

चैत्रगौरीची आरास म्हणजे आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली ऋतूची सजावटच. पायऱ्या मांडायच्या, वर गौर, खाली घरातली सगळी जुनी खेळणी. माझ्याकडं गोकाकची लाकडी फळं आहेत, वजनाला हलकी, रंग इतके खरे की हळदीकुंकवाला आलेल्या मुली आंबा उचलून बघतात. त्यांना पाणी लावायचं नाही, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तान्ह्या मुलाच्या हातात देऊ नका. फळं पितळी परातीत घालण्यापेक्षा बुरडाच्या सुपात जास्त शोभतात.

विकत घ्यायचं असेल तर आधी स्वतःचा माळा बघा, मग माहेरचा. भंगारात जायचं तर खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. जुन्या हंड्या-कळशांना तुकडे जोडल्याची दातेरी सांध्याची रेघ आतून दिसते. ती हातानं घडवल्याची खूण, दिसली की मी भाव करत बसत नाही. मोडीत जाणारं भांडं वजनावर मिळतं, आणि एकदा वितळलं की त्यावरचं नावही गेलं.

वळवाचा पहिला पाऊस पडला की पडदे उतरतात. तेव्हा मी पेटी उघडते. झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे, दरवर्षी एखादी ओळ वाढते. त्यावरची पहिली ओळ: "इरकली मलमलीत, घडी बदलून." दुसरी: "आजीचा तांब्या हातानंच."