कॅम्पस मिनिस्ट्रीसाठी जुनी बिल्डिंग: पैसे कसे उभे करायचे आणि काम कुठून सुरू करायचं

कॅम्पस मिनिस्ट्रीसाठी, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या ख्रिस्ती ग्रुपसाठी, बिल्डिंग बघायला जाताना उपासनेची, म्हणजे गाण्या-वाजवण्याची, टीम बरोबर नेऊ नका. आम्ही नेली होती. दारातून आत गेल्या गेल्या पोरं स्टेज कुठे, ड्रम कुठे, प्रोजेक्टरचा पडदा कुठल्या भिंतीवर हे ठरवायला लागली, कुणीतरी तिथेच गाणं सुरू केलं, सगळ्यांच्या अंगावर काटा आला आणि वर छताकडे कुणी बघितलंच नाही. एका कोपऱ्यात पिवळट गोल डाग होता, बशीएवढा. त्या डागाने पुढे आमच्या बजेटचा मोठा घास घेतला. म्हणून दुसऱ्यांदा जाल तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, टॉर्च न्या, आणि जमलं तर भर पावसात जा.

त्याच्याही आधी एक काम, फुकटातलं. एका कागदावर आठवड्याचे सात दिवस मांडा आणि कुठल्या वेळी किती जण येणार ते प्रामाणिकपणे लिहा. चर्च एका दिवशी भरतं, कॅम्पस मिनिस्ट्रीचं तसं नसतं, इथे सकाळी दोघं प्रार्थनेला येतात, दुपारी कुणी लेक्चर संपवून अभ्यासाला बसतं, रात्री उशिरापर्यंत बायबल स्टडी चालतो. आम्हाला सगळ्यांना मोठा हॉल हवा होता, कागद भरल्यावर कळलं की दीडशे माणसं फक्त एका संध्याकाळी असतात, बाकी आठवडाभर बारा-पंधराच. मग हॉल थोडा लहान केला, तीन छोट्या खोल्या काढल्या, आणि वर्षातला एक मोठा कार्यक्रम बाहेर हॉल घेऊन करायचं ठरलं. समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काचेची पट्टी हवीच, आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये पण आत कोण बसलंय ते दिसावं, यात तडजोड नको.

आता परवानग्या. राहतं घर घेऊन त्यात सभा भरवायची म्हणजे वापर बदलला, आणि वापर बदलला की बाहेर पडायचे मार्ग, जिन्याची रुंदी, टॉयलेटची संख्या, आगीची व्यवस्था, पार्किंग, सगळ्याचे नियम बदलू शकतात. आणि नियम बाजूला ठेवा, स्लॅबचंच बघा. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून डिझाइन करतात, आणि माणसं जमणाऱ्या हॉलला 400 ते 500. म्हणजे बेडरूमच्या दोन भिंती पाडून वरच्या मजल्यावर हॉल केला आणि शंभर पोरं गाण्यावर एकदम उड्या मारायला लागली तर तो स्लॅब त्यासाठी बांधलेलाच नाहीये. शक्यतो हॉल तळमजल्यावर घ्या. रॅम्पची जागाही आत्ताच मोजा, उतार 1:12 धरला तर 45 सेंटिमीटरच्या जोत्याला 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो, वर-खाली थांबायची सपाट जागा वेगळी. नंतर बघू म्हटलं की ती जागा सापडत नाही.

करारात एक कलम घालून घ्या, की वापर बदलायची परवानगी मिळाली नाही तर इसार परत मिळेल. आणि बिल्डिंग कुणाच्या नावावर? मिनिस्ट्री म्हणजे बऱ्याचदा एक ग्रुप असतो, कागदावर अस्तित्वच नसतं. नोंदणी झालेली संस्था हवी किंवा मातृसंस्थेच्या नावावर घ्या, पाळकसाहेब कितीही चांगले असले तरी त्यांच्या वैयक्तिक नावावर नको, उद्या वारसाहक्काचा घोळ झाला तर त्यांचंच नाव खराब होईल. भाड्याची जागा असेल तर लीज किती वर्षांची आहे ते बघून मगच खर्च करा, आणि तोडफोडीला मालकाची लेखी परवानगी घ्या. तोंडी "करा हो काय ते" चालत नाही.

पैसे. बायबलमध्ये लूक 14:28 ला बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशोब करावा असं आहे, ते वचन बिल्डिंग कमिटीच्या पहिल्या मीटिंगला सगळे वाचतात आणि दुसऱ्या मीटिंगला विसरतात. एस्टिमेटमध्ये जागेची किंमत, काम, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी, परवानग्या, फर्निचर आणि साउंड हे तर येतंच, पण जुन्या बिल्डिंगला वर 15 ते 20 टक्के राखीव ठेवा कारण प्लास्टर फोडल्याशिवाय आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. आणि सुरुवातीच्या दोन वर्षांचं लाइट बिल, पाणी, इन्शुरन्स, सफाई हेही टार्गेटमध्येच धरा. उद्घाटनाला लोक देतात, दुसऱ्या वर्षीच्या लाइट बिलाला कोण देतं?

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बिल्डिंग फंडाला लागू पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. टार्गेट 100 धरा. सगळ्यात मोठी देणगी एकटी 15 ते 25 ची लागते, पहिल्या दहा देणग्यांत मिळून साधारण निम्मं यायला हवं, आणि उरलेलं शेकडो लोक थोडं थोडं देतात. आम्ही उलटं केलं, आधी जाहीर आवाहन, पोस्टर, व्हिडिओ, सगळीकडे फॉरवर्ड. झालं काय, की जो माणूस 20 देऊ शकला असता त्याने सगळ्यांसारखंच चिमूटभर ऑनलाइन पाठवलं आणि त्याच्या मते तो मोकळा झाला. परत कुठल्या तोंडाने मागणार. म्हणून आधी गुपचूप टप्पा, निदान निम्मी रक्कम, जमलं तर 60-70 टक्के, समोरासमोर बसून कबूल करून घ्या, मगच जाहीर करा. आणि एका मोठ्या देणगीसाठी तीन-चार नावं यादीत हवीत, कारण बाकीचे नाही म्हणणार किंवा कमी देणार.

ही माणसं आहेत कुठे? तर तुमचे माजी विद्यार्थी. आत्ताच्या पोरांकडे फीचे पैसे नसतात आणि बिल्डिंग उभी राहीपर्यंत त्यातली बरीच पास होऊन गेलेली असतात. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी पोरं कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर दाटीवाटीने बसून प्रार्थना करायची, ती आता कमावतायत आणि त्यांना ती खोली अजून आठवते. जुने फोटो, शिबिरांच्या याद्या, उपस्थितीच्या वह्या काढा, प्रत्येक बॅचमधला एक असा माणूस धरा ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात (असा एक असतोच), आणि त्यालाच त्याच्या बॅचशी बोलू द्या.

मागताना आकडा सांगायचा. "जमेल तसं द्या" म्हटलं की जमेल तसंच येतं. मी पहिल्यांदा पहिल्या बॅचच्या एका ताईंकडे गेलो, प्लॅन दाखवला, आकडा सांगितला आणि घाबरून लगेच पुढे बडबडायला लागलो, की म्हणजे एवढंच असं नाही, कमी पण चालेल, हप्त्यांत पण चालेल. त्या म्हणाल्या, "अरे थांब ना जरा, विचार तरी करू दे." मग मिनिटभर खोलीत कुणी बोललं नाही, तेवढ्या वेळात मला घाम फुटला. शेवटी म्हणाल्या, तीन वर्षांत विभागून देते, पण दर सहा महिन्यांनी काय झालं ते मला कळवायचं. तेव्हापासून आकडा सांगितला की मी तोंड बंद ठेवतो.

कबूल केलेली रक्कम लेखी घ्या, तारखांसकट. तरी सगळी येत नाही, नोकऱ्या जातात, आजारपणं येतात, म्हणून थोडी गळती धरूनच चाला आणि कबुलीच्या भरवशावर पूर्ण कर्ज काढू नका. ज्या टप्प्याचे पैसे बँकेत आहेत तोच टप्पा सुरू करा. फंडाचं खातं वेगळं, सह्या दोघांच्या. बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा 12वा अध्याय वाचा, योवाश राजाच्या 23व्या वर्षापर्यंत पैसे गोळा होत होते आणि मंदिराची डागडुजी मात्र झालीच नव्हती, मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीपाशी ठेवली, आणि पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून बसायचे. तिथेच पुढे असंही आहे की काम करवून घेणाऱ्यांकडून हिशोब मागत नसत कारण ते प्रामाणिक होते. तुम्ही मागा. परदेशातून देणगी येणार असेल किंवा करसवलतीची पावती द्यायची असेल तर पैसे घ्यायच्या आधी अकाउंटंटला विचारा, नंतर नाही.

आता काम. "आधी कळस मग पाया" असं आपण चेष्टेने म्हणतो, पण पाया आणि भिंती ठीक आहेत असं इंजिनिअरने सांगितल्यावर जुन्या बिल्डिंगला खरंच आधी कळसच धरायचा. छत, पन्हाळी, पाण्याच्या वाटा, मग भिंतीतली ओल, मग ड्रेनेज, मग वायरिंग आणि नळ, आणि रंग शेवटून पहिला. देणगीदार येणार म्हणून एक भिंत आधी रंगवून ठेवायचा मोह होतो. आम्ही रंगवली, पुढच्या पावसाळ्यात पोपडे.

ओल कुठून येते ते बघायची साधी युक्ती आहे. भिंतीवर हातभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक लावा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा, एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली दमट हवा गार पृष्ठभागावर बसतेय, म्हणजे खेळती हवा हवी. दोन्हीचा इलाज वेगळा आणि खर्चातही जमीन-अस्मानाचा फरक.

पोरांच्या श्रमदानाबद्दल. बायबलमध्येच नहेम्या 3 मध्ये कुणी यरुशलेमच्या भिंतीचा कुठला भाग दुरुस्त केला याची लांबलचक नावांची यादीच आहे, आणि बरेच जण आपापल्या घरासमोरचाच भाग करतायत. आम्ही तेच केलं, एकेका बॅचला एकेक खोली दिली. झाडलोट, रंग, फर्निचर जोडणं, बाग एवढंच मात्र. वायरिंग, छत, भिंत पाडणं अजिबात नाही. जुने सिमेंटचे पत्रे किंवा पाइपवरचं जुनं आवरण असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि जुन्या रंगात शिसं, दोन्हीची धूळ अंगात गेली तर घातक, त्यामुळे तपासणी झाल्याशिवाय कुणाच्या हातात सँडपेपर देऊ नका.

कॉन्ट्रॅक्टरची तीन कोटेशन घ्या, पण तिघांना कामांची एकच यादी देऊन, नाहीतर तुलना कशाची करणार. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि 5 ते 10 टक्के अडवून ठेवा, काम संपून काही महिने गेल्यावर द्या. आमच्याकडे एकाने मोठा अ‍ॅडव्हान्स घेतला आणि दीड महिना गायब, आणि मोठी सुट्टी निघून गेली. सुट्टी हाच तुमचा कामाचा काळ, टर्मच्या पहिल्या आठवड्यापासून उलटं मोजत या कारण नवी पोरं त्याच आठवड्यात दार ठोठावतात.

प्लग पॉइंट जेवढे वाटतात त्याच्या दुप्पट. ड्रमची खोली शेजाऱ्याच्या भिंतीला लागून नको. प्लास्टरने भिंती बंद व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा, पाइप आणि वायर कुठून गेल्यात ते. ते फोटो, ड्रॉइंग, वॉरंटी, इलेक्ट्रिशियनचा नंबर एका फाइलमध्ये, कारण आज हे सगळं ज्याच्या डोक्यात आहे तो दोन वर्षांत पास होऊन जाणार. देखभालीसाठी दर वर्षी, बिल्डिंग आज नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या 2 ते 4 टक्के बाजूला टाकत जा. आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते मोठ्या अक्षरात लिहून किचनच्या दारामागे चिकटवा, आमच्याकडे तो सापडेपर्यंत हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी झालं होतं.