अर्धे सोडलेले गेम सुट्टीत संपवताय? या चुका टाळा

बेळगावात ‘बॅकलॉग’ म्हटलं की आधी इंजिनिअरिंगचे राहिलेले विषय आठवतात. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयच आमच्या गावात, त्यामुळे प्रत्येक गल्लीत कुणाचे तरी दोन-तीन विषय मागे असतातच. माझा बॅकलॉग वेगळा आहे. मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिकवतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटते आणि मे संपता संपता भरते. त्यातून पेपर तपासणी वजा केली, तरी महिनाभर हातात राहतो. त्या महिन्यात अर्धे सोडलेले गेम संपवायचे असा बेत लागोपाठ तीन वर्षं केला. पहिली दोन वर्षं एकही संपला नाही, तिसऱ्या वर्षी सहा संपले. मधे काय बदललं ते सांगतो.

आधी वेळापत्रक, मग विचार

मास्तर असल्यामुळे असेल, पहिल्या वर्षी मी चक्क तक्ता आखला. गेमचं नाव, लागणारे तास, संपवायची तारीख. ‘द विचर 3’ची नुसती मुख्य कथा साधारण 50 तासांची, बाजूची कामं धरली की 100 च्या वर. रोज तीन तास धरून भागाकार केला आणि तक्ता भिंतीला लावला. चौथ्या दिवशी त्याकडे बघवेना.

कोल्हापूरहून आलेल्या भाच्यानं तो वाचला आणि विचारलं, “मामा, एवढे गेम घेऊन ठेवलास आणि एक पण संपवला नाहीस काय? सोडलास कशाला मग?”

पोरानं सहज विचारलं, पण माझ्या तक्त्यात नेमका तोच रकाना नव्हता. गेम वेळेअभावी राहिले असं मी धरून चाललो होतो. चौदा गेमसमोर ‘का सोडला’ हे एकेका ओळीत लिहिलं, तेव्हा वेळेअभावी राहिलेले दोनच निघाले. बाकीच्यांची कारणं अशी: एका शत्रूपाशी अडलो, बटणं विसरलो, सेव्ह (म्हणजे जिथवर खेळलो त्याची साठवलेली नोंद) गेली, लॅपटॉप तापून रडायला लागला, किंवा खरं सांगायचं तर कंटाळा आला. प्रत्येकाचं औषध निराळं आहे. तापलेल्या लॅपटॉपला वेळापत्रक लावून काय होणार?

बटणं विसरलो म्हणून पहिल्यापासून सुरू

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि सगळ्यात महागात पडते. तीस तास खेळून वर्षभरानं परत आलात. तलवार कुठली, मंत्र कुठल्या बटणावर, कुठल्या म्हातारीला काय आणून द्यायचं कबूल केलं होतं, काहीच आठवत नाही. मग ‘न्यू गेम’. पहिले दहा तास पाठ असल्यामुळे कंटाळवाणे जातात आणि आधी जिथं सोडलं होतं त्याच्याही अलीकडे तुम्ही पुन्हा सोडता. मी ‘विचर’ असा दोनदा सोडलाय.

त्यापेक्षा जुनी सेव्ह उघडा आणि लगेच दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे सेव्हच्या दुसऱ्या कप्प्यात, तिची नक्कल करून ठेवा. मुख्य मोहिमेला हात लावू नका. सुरुवातीच्या, सोप्या भागात जाऊन अर्धा तास किरकोळ लांडगे-चोर मारत बसा. डोक्यापेक्षा बोटांना लवकर आठवतं. मग गेममधली नोंदवही उघडून चालू असलेली एकच मोहीम निवडा. ‘विचर 3’ तर लोड होताना मागची कथा चित्रांतून सांगतो. आपण तेवढ्यात चहा आणायला उठतो, ते करू नका.

आणि खेळ थांबवताना दोन ओळी लिहून ठेवा: कुठं आहे, पुढं कुठं जायचंय, विसरेल असं बटण कुठलं. आम्ही शिक्षक वर्गावर जाण्याआधी पाठाचं टाचण काढतो, तसंच हे टाचण, फक्त वर्ग सुटल्यावर काढायचं. माझी वही आता टीव्हीखाली असते. आईला ती शाळेच्या कामाची वाटते, आणि मी तो गैरसमज दूर केलेला नाही.

याला अपवाद एकच. ‘सेकिरो’सारखा सगळा भर अचूक वेळेवर वार अडवण्यावर असलेला गेम चार-पाच तासांवरच सोडला असेल, तर खुशाल पहिल्यापासून घ्या. तिथं सुरुवातीचा भाग म्हणजेच शिकवणी आहे.

अडलं तिथंच डोकं आपटणं

माझ्या वयाच्या कुणालाही ‘जीटीए व्हाइस सिटी’ या गेममधलं रिमोटचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो. ते उडवत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे आणि घड्याळ पळत असतं. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून आम्ही त्यापायी किती घालवले याचा हिशेब नाही. खुबी एवढीच होती की पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. आधी बिनबॉम्बचं आत शिरायचं, पंख्याच्या पात्यांनी कामगार-रखवालदार साफ करायचे, जिने बघून घ्यायचे, मग पहिल्या बॉम्बला हात लावायचा. आजही कुणी नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं) नसलेल्या लॅपटॉपवर तिथं अडत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन बटणं बदला. दोष तुमच्या बोटांचा नसतो.

एकाच ठिकाणी वीसदा मेलात, तर एकविसाव्यांदा जाण्याआधी गेम काय सांगतोय ते ऐका. ‘एल्डन रिंग’मध्ये वाड्याच्या दारातला मार्गिट नावाचा शत्रू बहुतेकांना लोळवतो. तिथून परत फिरून दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात हिंडून, ताकद वाढवून यावं अशीच त्या नकाशाची रचना आहे. ‘सेलेस्ट’मध्ये असिस्ट मोड, म्हणजे खेळ सोपा करायची सोय, आहे. त्यात खेळाचा वेग निम्म्यापर्यंत खाली आणता येतो. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये काठिण्य मधेच उतरवता येतं. फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर सुरू केलं असेल तर सुटका नाही, म्हणून ती पातळी हौसेनं निवडू नका.

सोपं करून खेळलं तर ते संपवल्यात धरायचं का, यावर आमच्या कट्ट्यावर भांडणं झाली आहेत. माझ्या मते धरायचं. वर्गात पोराला गणित अडलं की मी पायरी सुचवतो, गुण कापत नाही.

वळीव, करंट आणि उष्मा

बेळगाव थंड हवेचं म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिलच्या दुपारी पारा 35-36 पर्यंत जातो आणि पत्र्याच्या माळ्यावर त्याहून जास्त. पहिली पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग अडखळायला लागतो, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ती उष्म्याची असते. चिप 90-95 अंशांकडे गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. लोक मग ग्राफिक्सची सगळी सेटिंगं पाडतात किंवा विंडोज नव्यानं टाकतात. आधी लॅपटॉप गादीवरून उचला, मागून दोन पुस्तकांचा टेकू द्या, जाळीतली धूळ काढा आणि फ्रेम रेटला (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येला) 60 ची, नाहीतर 40 ची मर्यादा घाला. एवढ्यानं बरंच भागतं. जड गेम सकाळी किंवा रात्री ठेवा, दुपारी हलके.

संध्याकाळी ढग भरून आले, वारा सुटला की दोन गोष्टी ठरलेल्या: अंगणातले आंबे पडणार आणि करंट जाणार. डेस्कटॉपवाल्यांनी 600 व्हीएच्या यूपीएसवर फार भिस्त ठेवू नये. तो साधारण 360 वॉटपर्यंतचाच भार पेलतो, आणि ग्राफिक्स कार्ड जोरात असताना मिळतात ती काही मिनिटं. ती सेव्ह करून बंद करायला आहेत, “एवढी मारामारी संपवतो” म्हणायला नाहीत. कोपऱ्यात ऑटोसेव्हचं (गेम आपोआप सेव्ह होत असल्याचं) चिन्ह फिरत असतानाच वीज गेली तर ती फाइलच खराब होऊ शकते. माझी एक तशीच गेली. म्हणून आळीपाळीनं दोन-तीन स्लॉटमध्ये सेव्ह करा. पावसाचं चिन्ह दिसलं की करा. आई म्हणते, “करंट गेला की तुझं डोकं पण जातंय बघ.” आता जात नाही.

पाहुणे

महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी आमच्यापेक्षा उशिरा लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. त्यामुळे आमची सुट्टी रंगात येते तेव्हाच कोल्हापूर-सांगलीची भाचरं येऊन थडकतात. त्यांना नाही म्हणायचं नसतं. पण पोर पहिलं बटण ‘न्यू गेम’चंच दाबतं. ‘हॉलो नाइट’मध्ये चार स्लॉट आहेत, तिथं एक त्यांच्या नावे सोडता येतो. जिथं ऑटोसेव्ह एकच असते, तिथं त्यांना वेगळं युजर खातं काढून द्या. माझी बावीस तासांची प्रगती भाच्यानं दहा मिनिटांत पुसली होती आणि नंतर मलाच विचारलं, “तुझा माणूस एवढा कमजोर कसा काय, मामा?”

डाउनलोड आणि फुकट गेम

यावर फार बोलण्यासारखं नाही. 100 जीबीचा गेम 40 एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तास घेतो, आणि रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर 50 दिवस. म्हणजे तो उतरेपर्यंत सुट्टीच संपली. म्हणून शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात उतरवून ठेवा, आणि गावी नेणार असाल तर निघण्याआधी स्टीम (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) एकदा ऑफलाइन मोडवर, म्हणजे इंटरनेटशिवाय, चालवून बघा. एपिक या दुसऱ्या दुकानात 2018 च्या डिसेंबरपासून फुकट गेम मिळत आलेत. घ्या, पण यादीत लिहू नका. फुकटचा गेम राहिला म्हणून तुमच्यावर कसलंही ऋण नाही.

सगळेच संपवायचे हा हट्ट

आंब्याची अढी घातली की रोज चाळतो ना आपण? पिकलेला आधी खायचा, कच्चा परत गवतात, नासका लगेच बाहेर, नाहीतर शेजारचेही नासतात. गेमच्या यादीचं तसंच करा. आधी ते घ्या ज्यांचा शेवट दोन-चार तासांवर आहे. मी मात्र सगळ्यात मोठ्यापासून सुरू करायचो, आणि वैशाखातली शिवजयंती आली, चित्ररथांच्या मिरवणुकीत रात्र गेली, पुढं दोन लग्नं निघाली की धागा तुटायचा. अशा तुकड्या-तुकड्यांच्या दिवसांसाठी ‘इनसाइड’, ‘फायरवॉच’, पहिला ‘पोर्टल’ असे तीन-चार तासांचे गेम राखून ठेवा. मोठ्या गेममध्ये फक्त मुख्य कथा धरा. ‘विचर 3’च्या स्केलिगे बेटांच्या भागात समुद्रभर प्रश्नचिन्हं पसरलेली आहेत, त्यातली बहुतेक बुडालेल्या पेट्यांची. ती गोळा करत नाव वल्हवणं हे माझ्या लेखी सुट्टीतलं काम नव्हे.

कंटाळा आलेल्या गेमना दोन संध्याकाळी द्या. तिसऱ्या दिवशी हात आपणहून तिकडे गेला नाही तर काढून टाका. काढण्याआधी क्लाउड सेव्ह (इंटरनेटवर राहणारी सेव्हची नक्कल) चालू आहे का ते तपासा, कारण स्टीमवर प्रत्येक गेमला ती सोय नाही. नसेल तर सेव्हचा फोल्डर शोधून पेनड्राइव्हवर घ्या. बऱ्याच गेमचा तो ‘डॉक्युमेंट्स’मध्येच सापडतो. पेनड्राइव्हवर गेमचं नाव आणि तारीख लिहा, आणि तो शाळेच्या बॅगेत ठेवू नका. माझा सध्या कुठल्या तरी नववीच्या प्रश्नपत्रिकेबरोबर फिरतोय.