पुण्याहून कोलंबसला येताय? पार्किंगवालं अपार्टमेंट घेताना या चुका टाळा

आधी एक खुलासा, कोलंबस म्हणजे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं, ओहायोतलं नाही. ओहायोचं कोलंबस कितीतरी मोठं आहे, शोधायला गेलं की तिथल्याच लिस्टिंग वर येतात, आणि दर सीझनला कोणीतरी "काय स्वस्त मिळतंय बघा" म्हणून तिकडची लिंक ग्रुपवर टाकतंच. आपलं हे साधारण ५० हजार वस्तीचं गाव. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं हेड ऑफिस इथे, त्यामुळे पुण्याची मंडळी बाराही महिने उतरत असतात आणि बाराही महिने त्याच त्या चुका करत असतात.

आता सगळ्यात मोठी चूक. जाहिरातीत "पार्किंग इन्क्लुडेड" दिसलं की पुढचं काही वाचायचंच नाही. अहो, इन्क्लुडेड म्हणजे किती गाड्यांचं, कुठे, आणि रात्री पण का? हे सगळं लीजमध्ये कधीकधी नसतंच, त्यासोबत पार्किंग अ‍ॅडेंडम म्हणून वेगळा कागद येतो त्यात असतं. फ्लॅटमागे परमिट किती, जागा नंबरची की जो आधी येईल त्याची, व्हिजिटरच्या जागेत रात्रभर गाडी ठेवलेली चालते का, बर्फ पडला की गाडी कुठे हलवायची, आणि कशाकशासाठी ते न विचारता गाडी टो करणार, म्हणजे उचलून नेणार. हल्ली सही फोनवर होते ना, पिवळं बटण दाबत गेलं की झालं, मग वाचतोय कोण!

आमच्या ओळखीतल्या दोघा मुलांचं काय झालं ते ऐका. दोघांनी मिळून टू बेडरूम घेतलं, लीजवर दोघांची नावं, पण परमिट एकच. पहिल्याची गाडी परमिटवर. दुसऱ्याने सेकंडहँड कोरोला घेतली, मागे अजून कागदी टेम्पररी प्लेट, आणि ती बिनधास्त व्हिजिटरमध्ये लावायला लागला. मी म्हटलं, अरे अपार्टमेंटच्या ऑफिसला एक ईमेल तरी टाक, तर म्हणे "दादा, बरेच दिवस लावतोय, कोणी काही बोलत नाही." कोणी बोलत नाही म्हणजे चालतं, हा आपल्या सोसायटीतला हिशोब झाला, तिथे वॉचमन येऊन बेल वाजवतो. इथे बेल कोणी वाजवत नाही. एका शुक्रवारी रात्री बर्फ पडला, बर्फ उपसणारा प्लाऊवाला यायचा होता म्हणून लॉट तपासला गेला, शनिवारी सकाळी गाडी गायब. ह्याने घाबरून पोलिसांना चोरीचा फोन केला, तिकडून शांतपणे उत्तर आलं की टो झालीये.

मग मीच त्याला घेऊन टो यार्डला गेलो. तिथली खिडकीतली बाई म्हणाली गाडी तुझी आहे हे दाखव. कागद कुठे, तर ग्लोव्ह बॉक्समध्ये. ग्लोव्ह बॉक्स कुठे, तर तारेच्या कुंपणापलीकडे उभ्या गाडीत! टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, बीएमव्हीकडून (इथलं आरटीओ) पोस्टाने यायचं होतं ते आलं नव्हतं. पैसे फक्त कॅश, याच्याकडे कार्ड. एटीएम गाठून परत येईपर्यंत खिडकी बंद, ती उघडणार सोमवारी, आणि उभ्या गाडीचं भाडं रविवारचं पण लागतं. अपार्टमेंटच्या ऑफिसात भांडायला गेला तर मॅनेजर बाईंनी स्क्रीन फिरवून अ‍ॅडेंडमच्या दुसऱ्या पानावर, नेमकं व्हिजिटर पार्किंगच्या कलमाखाली, त्याची स्वतःची इनिशियल्स दाखवली. विषय संपला.

म्हणून माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही म्हणणार. सही करायच्या आधी एक ईमेल करायचा, "आमच्या दोन गाड्या आहेत, दुसरी कुठे लावू, महिन्याचे किती?" तोंडी उत्तर घ्यायचं नाही, लीजिंगवाली मुलगी गोड बोलते पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती नोकरी सोडून गेलेली असते. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे फोटो फोनमध्ये. कागदी प्लेट जाऊन पक्की आली की नवा नंबर त्याच दिवशी ऑफिसला कळवायचा, कारण त्यांच्या यादीत नंबर नाही म्हणजे तुमची गाडी परक्याची. आणि जागा बघायला दुपारी जायचं ते जाच, पण वीकडेला रात्री दहाच्या सुमारास लॉटमध्ये एक चक्कर मारा. दुपारी सगळे कामावर असतात, लॉट मोकळं मैदान दिसतं. रात्री कळतं की तुमच्या बिल्डिंगसमोर जागाच नाही आणि जानेवारीत किराणा घेऊन बर्फातून लांब चालायचंय.

अजून एक खास आपली खोड, गाडी रिव्हर्स लावायची. पुण्यात शिस्त म्हणून शिकलो सगळे. पण इंडियानात नंबरप्लेट फक्त मागे असते, गाडी भिंतीकडे पाठ करून लावली तर तपासणाऱ्याला नंबर दिसत नाही, म्हणून काही कॉम्प्लेक्समध्ये रिव्हर्स पार्किंगला चक्क मनाई आहे. बोर्ड वाचा.

गाडी नंतर बघू, तोवर बसने जाऊ, असं म्हणणाऱ्यांनी आधी कोलंबस ट्रान्झिटचं वेळापत्रक बघावं, रविवारी बस नाही.

पैसे देऊन गॅरेज घ्यावं का? माझं मत, कारपोर्ट, म्हणजे नुसतं छप्पर असलेली जागा, मिळत असेल तर तेवढा पुरे. इथे नुसत्या बर्फापेक्षा फ्रीझिंग रेन, म्हणजे पडल्या पडल्या गोठणारा पाऊस, जास्त छळतो, काचेवर बर्फाचा पापुद्रा बसला की सकाळी सातला खरवडत बसा. डोक्यावर छप्पर असलं की बराचसा त्रास वाचतो. गॅरेज घेणारे निम्मे लोक त्यात रिकामी खोकी भरतात आणि गाडी बाहेरच लावतात.

रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो, पण त्यात तुमची गाडी येत नाही, आणि पुराने झालेलं नुकसानही साधारणपणे येत नाही. पूर कसला म्हणता? जून २००८ मध्ये गावातल्या हॉ क्रीक या ओढ्याला असा पूर आला की इथलं मोठं हॉस्पिटल रिकामं करावं लागलं होतं. ओढ्याजवळचा, उताराच्या टोकाचा लॉट असेल तर फेमाचा (अमेरिकेची सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्था) फ्लड मॅप ऑनलाइन फुकट बघता येतो, आणि गाडीच्या पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे पूर, चोरी असल्या नुकसानीचा भाग, आहे ना ते बघा. नुसती लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा) घेऊन पैसे वाचवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

भारतात बसून, फोटो बघून वर्षाचं लीज सही करू नका. फोटो मॉडेल युनिटचे, म्हणजे दाखवायला सजवलेल्या फ्लॅटचे असतात. दोन आठवडे एक्स्टेंडेड स्टे हॉटेलमध्ये काढा. रेल्वेलाइन गावातूनच जाते, हॉर्न रात्री किती ऐकू येतो ते फोटोत कळत नाही.

लायसन्स आणि गाडीचं रजिस्ट्रेशन दुसऱ्या राज्याचं असेल तर इंडियानात राहायला आल्यापासून ६० दिवसांत बदलायचं असतं.

सोडताना पण घाई नको. किती दिवस आधी नोटीस द्यायची ते लीजमध्ये असतं, बऱ्याच ठिकाणी ६० दिवस, ते चुकलं की महिन्यामहिन्याचं महागडं भाडं सुरू. डिपॉझिटचं म्हणाल तर इंडियानाच्या कायद्याने घरमालकाला ४५ दिवसांत हिशोब द्यावा लागतो, पण त्यासाठी तुम्ही नवा पत्ता लेखी कळवलेला हवा. आपली मुलं किल्ल्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकून थेट विमानात बसतात आणि मग चेक आला नाही म्हणून बोंबलतात. किल्ल्यांबरोबर पार्किंगचा हँगटॅग (गाडीच्या आरशाला लटकवायचा पास) आणि गॅरेजचा रिमोट पण परत करा, आणि पोच घ्या, नाहीतर त्या प्लास्टिकच्या तुकड्याचे पैसे डिपॉझिटमधूनच कापले जातात.