निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो? या चुका टाळा

निवृत्तीचे पहिले काही महिने मजेत जातात. गजर नाही, धावपळ नाही, राहिलेल्या भेटीगाठी होतात. मग एखाद्या सकाळी आज काय करायचं, हेच सुचेनासं होतं. असं झालं तर स्वतःला दोष देऊ नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅचली यांनी निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यातही सुरुवातीच्या नवलाईनंतर भ्रमनिरासाचा टप्पा आहेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘वेळ मिळाला की वाचू, शिकू’ यावर विसंबणं. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली. बेकारी आणि निवृत्ती एक नव्हेत, हे खरं. पण आकार नसलेला वेळ दोन्हीकडे सारखाच वागतो.

याहोदांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते: दिवसाला चौकट, घराबाहेरची माणसं, दहाजणांनी मिळून करायचं काम, समाजातली ओळख आणि हाताला नियमित उद्योग. पगाराची जागा पेन्शन किंवा बचत घेते. या पाचांची जागा आपोआप कोणी घेत नाही, म्हणून आधी आपल्याकडे यातलं नेमकं काय आटलंय ते तपासा. वार लक्षात राहत नसेल तर चौकट गेली आहे. मग आठवड्यात दोन ठरावीक वेळा अशा बांधून घ्या, जिथे तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी अडेल. घरात येताजाता सूचना देण्याची सवय लागली असेल तर तुमच्या अनुभवाला बाहेर वाव हवा आहे. शिकणाऱ्या मुलांना किंवा एखाद्या संस्थेच्या हिशेबाला तो द्या. दिवसभर कामात असूनही एकटं वाटत असेल, तर आणखी एक छंद लावून भागणार नाही. माणसं हवीत.

जोडीदारावर सगळा भार टाकणं ही दुसरी चूक. त्याचा किंवा तिचा दिवस वर्षानुवर्षं बसलेला असतो. त्यात अचानक आठही तास सोबत मागितली की खटके उडतात. दुपारचे काही तास आपापले ठेवा, आणि हे आधी बोलून ठरवा.

उलट टोकही नको. पहिल्याच महिन्यात चार समित्या आणि तीन वर्ग अंगावर घेतलेत, तर सहा महिन्यांत सगळंच सुटतं. एक काम धरा, ते रुळलं की दुसरं.

रात्री झोप लागत नसेल तर आधी दुपारची झोप आणि दिवसभराचं बसणं बघा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. ६५ वर्षांपुढच्यांनी त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.