घरातलं माणूस मनानं आजारी असेल तर आधी सगळ्यांनी एकच उत्तर ठरवा

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी पार खचतं असा आजार. मी बार्शीत घरीच ब्लाऊज शिवते. दिवसभर दारात बायका, आणि माप देता देता प्रश्न ठरलेला: "काय गं, दीर दिसत नाहीत हल्ली?"

अशा माणसाशी प्रेमानं बोला, त्याला धीर द्या, असं सगळेच सांगतात. ते खरंच आहे. पण माझ्या मते त्याच्याही आधीचं काम म्हणजे बाहेर काय सांगायचं ते घरानं ठरवणं. सासू म्हणते पुण्याला गेलाय, नवरा म्हणतो पित्त झालंय, पोरं खरं सांगून मोकळी. तीन तोंडांची तीन उत्तरं ऐकली की गाव चौथं स्वतःच जुळवतं. आणि हे ठरवायचं ते त्याच माणसाला विचारून, पाठीमागं कुजबुजून नाही. भाऊजी म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर बघतायत, एवढंच सांगा. पुढं नको." आम्ही तेवढंच सांगतो, आवाज न बदलता. कुणी "कशानं झालं गं?" म्हणून खोदलंच तर मी विचारते, "बाही किती ठेवू?"

पोरांना मात्र जरा जास्त सांगावं लागतं. शाळेत कुणीतरी "तुझा काका वेडा" म्हणतंच. त्यांना सांगा: काकाला आजार आहे, झोप बिघडली की बळावतो, गोळीनं आटोक्यात राहतो, आणि तू दंगा केलास म्हणून झालेला नाही. हे शेवटचं विसरू नका. पोरं मनात तेच धरून बसतात.

डॉक्टरकडं न्यायचं असेल तर "तुझं डोकं फिरलंय, चल" म्हटल्यावर कोण येईल? त्याला स्वतःला जो त्रास कबूल आहे तो धरा. बहुतेकदा तो झोपेचा असतो. "रात्रभर जागा असता, झोपेचं बघून येऊ" एवढ्यावर माणूस रिक्षात बसतो. आत गेल्यावर बाकीचं डॉक्टर काढून घेतात. सोबत नोंद न्या. आमच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी भाऊजींच्या झोपेचे तास लिहिलेले असतात. आजार चढायला लागला की पहिली घसरते ती झोप, मग बोलणं वाढतं, मग पैसा. एकदा तर गावजेवण घालायचं म्हणून आचाऱ्याला इसार देऊन आले होते. अशा वेळी वाद घालून काही हाती लागत नाही. आवाज खाली ठेवायचा, घरातली गर्दी कमी करायची आणि डॉक्टरांना फोन लावायचा.

उलट बाजूचे दिवस जास्त अवघड. माणूस भिंतीकडं तोंड करून पडलेला. "काय कमी आहे तुला?" हे तर अजिबात नको. मी म्हणते, "भाऊजी, सुईत दोरा ओवून द्या, मला दिसत नाही." ओवला तर ओवला, नाही तर राहू दे. आणि ओवल्यावर "बघा, जमलं की नाही!" असं टाळ्या वाजवून म्हणू नका. त्यांना ते लागतं.

आता गोळ्या. भाऊजींना लिथियम चालू आहे, आणि त्याचा संबंध थेट स्वयंपाकघराशी आहे हे फार घरांत माहीत नसतं. शरीरातलं मीठ-पाणी एकदम कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. सासूबाईंना बीपी, म्हणून सगळ्यांचंच अळणी करून टाकलं, असं चालत नाही. त्यांची भाजी वेगळी काढायची, भाऊजींचं मीठ नेहमीएवढंच ठेवायचं. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात निर्जळी उपास किंवा जुलाब, म्हणजे धोका. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनानं आणायची नाही, तिनंही पातळी चढते. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या होतायत, चालताना तोल जातोय, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करा, थायरॉइड आणि किडनीचीही. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बरं वाटतंय ते गोळीमुळंच.

सासूबाईंनी तुळजापूरला नवस बोललाय. बोलू दे. अंगारा लावा आणि वर गोळी द्या, दोन्हींचं भांडण नाही. पण भूत काढतो म्हणून बांधणारा, मारणारा कुणी भेटला तर तिथून उठा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. "लग्न लावून द्या, सुधारेल" म्हणणारे पाहुणे मला त्याहून घातक वाटतात. लग्न हे औषध नाही, आणि करायचंच तर मुलीला आधी सगळं सांगून.

"जगून काय करू" असं कानावर आलं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका. शेतातलं फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा साठा कुलपात घाला. टेलिमानसचा 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि काही घडलंच तर पोलीस केस होईल म्हणून लपवत बसू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, आणि उलटं सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला चालत नाही. त्याच कायद्यानं विमा कंपनीलाही मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा लागतो. एजंट "हे बसत नाही" म्हणाला तर लेखी मागा.

त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. माणूस चांगला असताना, पुढं आजार बळावला तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, हे लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. भाऊजींनी ह्यांचं नाव न घालता माझं घातलं. म्हणाले, "दादा रडतो. तुम्ही डॉक्टरांना प्रश्न विचारता." त्याच दिवशी घरातलं तेवढं आम्ही तोंडीच ठरवलं: लागोपाठ दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली की एटीएम कार्ड माझ्याकडं, गाडीची किल्ली ह्यांच्याकडं, आणि आचाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, इसार घेऊ नको.